कोर्टाची पायरी, तेव्हाची आणि आताची

1975 च्या आसपास भोरच्या कोर्टात सनद घेऊन आलेल्या नव्या वकिलाला पहिलं वर्षभर युक्तिवादाला कुणी उभं करत नसे. सिनिअरची दप्तरं उचलायची, बोर्ड उतरवून घ्यायचा, तारखा डायरीत टिपायच्या, दाव्याच्या प्रती कार्बन लावून टाइप करून आणायच्या आणि दुपारच्या सुट्टीत बाररूमच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून थोरले वकील काय बोलतात ते कान देऊन ऐकायचं. मी भाटघरचा. सकाळची एसटी चुकली की सायकलवर टांग टाकून भोर गाठायचं, कारण साहेब कोर्टात आल्यावर पोहोचणारा ज्युनिअर आमच्या सिनिअरना चालत नसे. आज त्याच भागातली मुलं वकील होतात, काही तर परीक्षा देऊन थेट न्यायाधीश होतात, आणि त्यांच्या शिक्षणाचा घाट आमच्यापेक्षा अगदी वेगळा आहे. न्याय स्वच्छ राहण्यासाठी वकील आणि न्यायाधीश घडवावे लागतात, ते आपोआप घडत नाहीत, यावर माझा ठाम विश्वास आहे. म्हणूनच दोन्ही काळ शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात.

आमच्या वेळी वकिलीच्या प्रशिक्षणाचा कायद्यात मागमूस नव्हता. 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये सनद घेण्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा अशी अट होती, पण 1973 च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. त्यानंतर एलएल.बी. व्हायचं, बार कौन्सिलकडे फी भरायची आणि काळा कोट चढवायचा. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात उत्तम शिकवत. 1924 पासूनचं ते कॉलेज, त्यानं गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड असे दोन सरन्यायाधीश देशाला दिले. पण कैफियत कशी लिहावी, उलटतपासात कुठे थांबावं, साक्षीदाराला का घाबरवू नये, हे वर्गात कळत नाही. ते सिनिअरच्या ऑफिसात कळायचं, नाहीतर कधीच कळायचं नाही.

माझ्या सिनिअरचं ऑफिस म्हणजे त्यांच्या जुन्या वाड्याची ओसरी. दोन लाकडी कपाटं, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, भिंतीला टेकून बसलेले पक्षकार. एकदा वेळवंड खोऱ्यातला एक शेतकरी बांधाचं भांडण घेऊन आला. चुलतभावानं बांध कोरला, अशी तक्रार. मी सातबारा पाहून दाव्याचा मसुदा लिहून काढला. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गावरस्ता. सिनिअरनी कागद न वाचताच बाजूला ठेवला आणि विचारलं, "बांधावर उभा राहिलास का?" दुसऱ्या दिवशी मी त्या शेतकऱ्याबरोबर होडीनं धरणाचं पाणी ओलांडून त्याच्या शिवारात गेलो. ओढ्याचा काठ दर पावसात सरकत होता, आणि खरं भांडण बांधाचं नव्हतंच, ओढ्यानं खाल्लेल्या गुंठ्यांचं होतं. ते दोघे भाऊ त्याच काठावर बसले, रागावले, त्यांनी गुंठे मोजले आणि पुन्हा मोजले. दावा दाखल झाला नाही. सिनिअरनी फी म्हणून फक्त होडीचं भाडं घेतलं आणि मला म्हणाले, "चतुःसीमा कागदावर खोटी लिहिली की पुढचं सगळं खोटंच होत जातं." पक्षकाराकडून घेतलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद ते स्वतःच्या हातानं वहीत करत आणि मागेल त्याला ती वही दाखवत.

लाचेविरुद्धचा धडाही त्यांनी असाच दिला. भुतोंडे खोऱ्यातली एक म्हातारी ओसरीच्या पायरीवर बसून रडवेली झाली होती. एका कचेरीतून फेरफाराची नक्कल हवी होती, आणि तिथल्या माणसानं मागितलेली रक्कम तिच्या कमरेच्या पिशवीत नव्हती. "आवं वकीलसायेब, नकलेला येवढं लागत्यात का वो?" सिनिअर उठले, मला घेऊन त्या कचेरीत गेले, भिंतीवरचा दरफलक मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "आजींनी फी भरली. पावती द्या." ना आवाज चढला, ना कुणाची तक्रार झाली. परतताना मला सांगितलं की उद्यापासून नकलेची फी, कोर्ट फी स्टँप, प्रोसेस फी, शपथपत्राचा खर्च हे सगळे दर तोंडपाठ पाहिजेत. ज्याला दर माहीत असतो त्याच्याकडे जास्त मागायची हिंमत होत नाही, हे मी त्या दिवसापासून आयुष्यभर पाहत आलो. चिरीमिरी बहुतेक वेळा तिथंच शिरते, जिथं समोरच्याला व्यवहार माहीत नसतो. पक्षकाराला नाही आणि त्याच्या वकिलालाही नाही.

पण त्या दिवसांवर मी सोन्याचा मुलामा चढवणार नाही. माझं नशीब चांगलं, म्हणून असा सिनिअर मिळाला. त्याच बाररूममध्ये काही जण ज्युनिअरला पहिलं काय शिकवत, तर कोणत्या टेबलावर काय ठेवलं की फाइल वर येते. ज्युनिअरला वर्षभर दमडी मिळत नसे, म्हणून घरची शेती किंवा बापाची पेन्शन असलेलीच मुलं टिकत. मुली जवळजवळ नव्हत्याच. आणि पक्षकाराचे हाल तर विचारू नका. डोंगरकपारीतून उतरून, होडी धरून, मग एसटीनं भोरला यायचं आणि दुपारी कळायचं की तारीख पडली. मजुरी बुडाली, वाटखर्च गेला आणि पुढच्या तारखेचं पत्रही हातात नाही. न्याय मागायला आलेल्या माणसाला दिवसभर व्हरांड्यात उकिडवं बसवून ठेवणं हा त्या काळाचा सर्वांत मोठा दोष होता, आणि तो आम्हा सगळ्यांना दिसत होता.

या भागाला न्यायाची स्मृती जुनी आहे. भोर तालुक्यातल्याच रांझे गावच्या पाटलानं बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी 1646 साली त्याला कठोर शिक्षा केली आणि त्याची पाटीलकी काढून घेतली, हे पत्र आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. मला त्याहून जास्त ओढ वाटते ती जुन्या महजरांची. गोतसभा बसायची, वतनाचा तंटा ऐकायची, आणि निवाड्याच्या कागदावर लिहिता न येणारेही आपापली निशाणी करायचे. शेतकरी नांगराची, वाणी तराजूची. निवाडा सगळ्यांसमोर होत असे, म्हणून त्यात लपवाछपवीला जागा कमी. अर्थात तिथं दिव्यंही होती. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावणाऱ्या त्या रवादिव्याची मला काडीमात्र आठवण काढावीशी वाटत नाही. पेशवाईत रामशास्त्री प्रभुणे झाले, राघोबादादांसमोर उभे राहिले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण माहुलीच्या त्या तरुणानं काशीला जाऊन वर्षानुवर्षं धर्मशास्त्र घोटवलं, हे सांगायला विसरतो. तो निर्भीडपणा विद्येच्या पायावर उभा होता.

पुढे इंग्रजी अमलात न्यायाधीश घडवण्याचं एक मोठं काम आपल्याच पुणे जिल्ह्यात झालं, आणि ते केलं न्यायमूर्ती रानड्यांनी. 1875 साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यामागचं कारण शोधताना सरकारच्या लक्षात आलं की अडाणी कुळं कोर्टात हजर राहतच नव्हती, आणि एकतर्फी हुकूमनाम्यांवर जमिनी जात होत्या. मग 1879 चा डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांतल्या न्यायाधीशांना रोख्यावरची रक्कम डोळे झाकून मान्य करायची मुभा राहिली नाही. कर्जाचा मूळ इतिहास खणून काढणं त्यांच्यावर बंधनकारक झालं. हे काम नीट चाललं आहे का हे पाहायला विशेष न्यायाधीश नेमले, आणि 1880 च्या दशकात त्या कामावर रानडे होते. गावोगाव दौरे काढून ते मुन्सफांच्या फायली तपासत, चुका दाखवत, कुळाला काय विचारलं आणि काय विचारलं नाही हे पाहत. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या दौऱ्यांचे दिवस वाचायला मिळतात. न्यायाधीशाच्या पाठीशी उभं राहून त्याला शिकवणारा मोठा न्यायाधीश, ही कल्पना आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. आमचं भोर तेव्हा पंत सचिवांचं संस्थान होतं, 8 मार्च 1948 ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यामुळे हा कायदा थेट आमच्या शिवारात आला नाही. पण शेजारच्या पुरंदर तालुक्यात त्याच्या गोष्टी आजोबांच्या पिढीनं ऐकलेल्या होत्या. आमच्या घरातली गोष्ट वेगळी. ब्रिटिशांनी बांधलेलं भाटघरचं मोठं धरण 1928 साली पुरं झालं, चोवीस टीएमसीच्या आसपास पाणी साठलं, नीरेच्या कालव्यांनी खालचा मुलूख हिरवा झाला. वर डोंगराकडच्या गावांची जमीन पाण्याखाली गेली. मोबदल्याच्या कागदावर पणजोबांनी अंगठा दिला. कागद वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. एखादा शिकलेला वकील त्या दिवशी शेजारी उभा असता तर काय झालं असतं, असं आमच्या घरात कितीतरी वर्षं बोललं जायचं, आणि माझ्या वकिलीचं मूळ तिथं आहे.

न्यायाधीशांच्या शिक्षणाचं सांगायचं तर आमच्या उमेदीच्या काळात ते जवळजवळ नव्हतंच. काही वर्षं वकिली केलेला माणूस लोकसेवा आयोगाची परीक्षा देई आणि खुर्चीत बसे. पहिले काही महिने तो आम्हाला पाहून शिके, आम्ही त्याला पाहून. चांगला असेल तर वर्षभरात तयार होई. विधी आयोगानं 1986 साली आपल्या 117 व्या अहवालात न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला, तेव्हा कुठे या गोष्टीकडे देशानं गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. 1993 साली राष्ट्रीय न्यायिक अकादमी स्थापन झाली, भोपाळला तिचा परिसर उभा राहिला. आपल्याकडे भाईंदरजवळ उत्तनला, समुद्राच्या कडेला, महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. नवा न्यायाधीश आता तिथं बसून निकालपत्र लिहायला शिकतो, पुरावा तोलायला शिकतो, मध्यस्थी शिकतो. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. आयुष्यभर तोंडात बसलेली 302, 420 ही कलमं बदलली. आमच्या काळी एवढा बदल झाला असता तर तालुक्याचं कोर्ट वर्षभर चाचपडलं असतं.

शील शिकवता येतं का, असं लोक विचारतात. मला वाटतं, निदान त्याची रेषा तरी आखता येते. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 1997 ला न्यायाधीशांच्या वर्तनाची मूल्यं लिहून काढली. नातेवाइकाचं प्रकरण चालवू नये, घरच्या वकील माणसाला आपल्या निवासातून वकिली करू देऊ नये, भेटी स्वीकारू नयेत. पुढे 2001 साली वेगवेगळ्या देशांचे न्यायाधीश बंगळूरला जमले आणि तिथं तयार झालेली तत्त्वं आज जगभर न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात वापरली जातात. पूर्वी हे सगळं एखाद्या करारी न्यायाधीशाच्या स्वभावात असायचं. भोरला आलेले एक न्यायाधीश कुणाच्या घरी चहालाही जात नसत, लग्नाच्या पत्रिका परत पाठवत. लोक त्यांना तुसडे म्हणत. आजच्या मुलाला तो तुसडेपणा का हवा याचं कारण प्रशिक्षणात समजावून सांगतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

आणि यंत्रानं केलेला बदल मी मनापासून मानतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मोबाइलवर टाकला की पुढची तारीख, आजचा रोजनामा, हुकूम, सगळं दिसतं. कांबऱ्याच्या शेतकऱ्याचा पोरगा घरात बसून सांगतो, "आबा, उद्या जायची गरज नाही." ज्या तारखेसाठी व्हरांड्यात दिवस जायचा आणि कुणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवावं लागायचं, ती तारीख आता फुकट आणि सगळ्यांना दिसते. 1998 साली राज्य शासनानं जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, त्यालाही मी याच कामात धरतो. स्वतःच्या भाषेतला हुकूम माणूस स्वतः वाचतो, अंगठा देण्यापूर्वी. लाच देणाराही गुन्हेगार, असं 2018 च्या दुरुस्तीनं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आलं, पण जबरदस्तीनं द्यावी लागलेल्यानं सात दिवसांत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक कित्येक सरकारी भिंतींवर लिहिलेला दिसतो. मात्र तो सात दिवसांचा नियम आमच्या भागातल्या किती तरुण वकिलांना सांगता येईल, याची मला काळजी आहे.

कारण खरी उणीव तिथंच आहे. न्यायाधीशासाठी उत्तन आहे, भोपाळ आहे. तालुक्याच्या वकिलाला काय आहे? बार कौन्सिलनं 1995 साली सनदेआधी एक वर्ष सिनिअरकडे उमेदवारी असा नियम केला होता. 1999 साली व्ही. सुदीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो बार कौन्सिलच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. मग 2010 साली अखिल भारतीय बार परीक्षा आणली, आणि 2023 च्या घटनापीठानं ती योग्य ठरवली. परीक्षा असावी, माझा विरोध नाही. पण त्या परीक्षेतून पोरगं बाहेर पडतं ते थेट आजच्या भोर-वेल्ह्यात. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे, आणि पुण्याच्या पैशानं इथल्या डोंगरउतारांचे भाव असे चढले आहेत की गुंठ्यागुंठ्यासाठी माणसं जीव टाकतात. फार्महाउस, एजंट, जुन्या वारसांच्या नावची कुलमुखत्यारपत्रं, मेलेल्या माणसाच्या जागी उभा केलेला दुसराच. पंचवीस वर्षांच्या वकिलासमोर एजंट येतो आणि एका सहीसाठी एवढी रक्कम देऊ करतो की आमच्या काळी तेवढ्यात घर झालं असतं. निव्वळ कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे. ते त्या पोराला माहीत हवं. आणि माहीत असूनही नाही म्हणायचं बळ हवं. पहिलं पुस्तकात मिळतं. दुसरं कुणाच्या तरी ओसरीवर बसून, कुणाला तरी नाही म्हणताना पाहून येतं. त्या ओसऱ्या आता उरल्या नाहीत. मुलं पुण्याला क्लास लावतात, नोट्स पाठ करतात, आणि कोर्टात येतात ती तारीख मागायला.

म्हणूनच 20 मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला फार महत्त्वाचा वाटला. 2002 साली शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर न्यायालयानं वकिलीच्या अनुभवाशिवाय न्यायाधीश होण्याची वाट खुली केली होती. हुशार मुलं लवकर यावीत, नेमणुकीनंतर त्यांना वर्ष-दोन वर्षं प्रशिक्षण द्यावं, असा विचार होता. तो प्रयोग तेवीस वर्षं चालला. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना पीठानं सांगितलं की किमान तीन वर्षं वकिली केल्याशिवाय दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा देता येणार नाही, आणि निवड झाल्यावरही वर्षभर प्रशिक्षण घेतल्याशिवाय खटले चालवता येणार नाहीत. अकादमी आणि ओसरी, दोन्ही हवी, असाच मी त्याचा अर्थ घेतो.

पण त्या निकालात एक गोष्ट आमच्या हातात ठेवली आहे. तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला दहा वर्षं सनद असलेल्या वकिलानं द्यायचा, त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही. म्हणजे उद्याच्या न्यायाधीशाच्या हातातला पहिला कागद आमच्यासारख्या तालुक्याच्या वकिलांनी लिहिलेला असणार. तो खोटा असेल, ओळखीखातर, मित्राचा मुलगा म्हणून, किंवा पैसे घेऊन दिलेला असेल, तर आम्ही न्यायाधीश खुर्चीत बसायच्या आधीच नासवलेला असेल. कोचिंगला पुण्यात राहणारी आणि कागदोपत्री भोरला वकिली करणारी मुलं दाखला मागायला येणार, आणि त्यांचे आईबाप आमच्या ओळखीचेच असणार.

अलीकडे शनिवारी संध्याकाळी मी घरच्या पडवीत बसतो. नवी मुलं येतात, आता मुली जास्त येतात, आणि त्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा धारदार असतात. मामलेदार कोर्ट अॅक्टखाली अडवलेल्या रस्त्याचा दावा कसा करायचा, 1906 चा कायदा अजून कसा चालतो, यावर गेल्या वेळी बराच वाद झाला. येणाऱ्यांपैकी जे पुढे दाखला मागतील त्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे की माझ्याकडे डायरी घेऊन यायचं. कोणत्या तारखेला कोणत्या कोर्टात उभे राहिलात, कुणाचा साक्षीदार तपासलात, कुणाच्या बांधावर गेलात. तीन वर्षांची पानं मी उलटून पाहीन, मधली एखादी तारीख काढून ईकोर्टवरचा त्या दिवसाचा रोजनामा ताडून पाहीन, आणि मगच सही करीन. एका मुलीनं विचारलं, तिच्या सिनिअरनं तिचं नाव वकीलपत्रावर घातलंच नाही तर रोजनाम्यात ती दिसणार कशी? प्रश्न अगदी रास्त आहे. पुढच्या बैठकीला भोर-राजगडमधल्या सिनिअर वकिलांना बोलावलं आहे. ज्युनिअरचं नाव वकीलपत्रावर घालायचं आणि त्याला महिन्याकाठी काही ठरावीक रक्कम द्यायची, हे दोन्ही त्यांच्यासमोर मांडायचं आहे.